मान्य आहे..

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली तेव्हा शलाका निमकर घरी नव्हती. म्हणजे तशी होती. ओट्यापाशी उभी राहून दुसरा चहा गाळत होती. पण नणंदेला पाठवलेल्या निरोपाप्रमाणे ती, तिचा नवरा उन्मेष आणि एकूणच सगळं घर त्या दिवशी बाहेरगावी असायला हवं होतं.

उन्मेषने दार उघडलं. बाहेरून आवाज आला, "लिफ्ट बंद आहे तुमची. पाच मजले चढून आले."

विजूताई आत आल्या. कराडच्या. उन्मेषची थोरली बहीण. त्या स्पष्टवक्त्या आहेत, असं माहेरचे लोक अभिमानाने सांगत आणि सासरचे दबक्या आवाजात. त्यांनी पिशवी सोफ्यावर ठेवली, पुढे केलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि कप परत दिला.

"साखर फार आहे. नको."

शलाका पुण्यात वाढलेली. तिच्या आयुष्यात चहाला असा नकार कोणी दिला नव्हता. माणसं "अर्धाच द्या" म्हणतात, आणि त्या अर्ध्यातला अर्धा कपात ठेवून उठतात. त्यालाच संस्कृती म्हणतात, अशी तिची समजूत होती.

"तुम्ही आज येणार हे..." तिने वाक्य तसंच लोंबकळत सोडलं.

"मी विचारलं, रविवारी येऊ का. तूच कळवलंस." विजूताईंनी फोन काढला. फोन नवाकोरा, फक्त कडेला हळदीचा डाग. कराडला तो चोवीस तास ओट्यावर, शेगडीच्या उशाशी असे. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं होतं: रविवारी आम्ही घरी आहोत.

शलाकाने स्वतःचा फोन उघडला. तो इतका जुना होता की उन्मेष लग्नसमारंभात तो तिला पर्समधून काढू देत नसे. त्यावर तितकंच स्पष्ट लिहिलं होतं: रविवारी आम्ही घरी नाही.

तिने उन्मेषला आतल्या खोलीत नेऊन दाखवलं. त्याने बराच वेळ विचार केला.

"पण आपण घरी आहोत."

"हो."

"मग ताईच्या फोनवर आलंय तेच बरोबर आहे की."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि उन्मेषचं तर्कशास्त्र अजून अंगवळणी पडलं नव्हतं. पण तिला खटकलं ते वेगळंच. विजूताईंच्या फोनमधली मेमरी 'समंजस' जातीची होती. आणि समंजसचं सर्किट शलाकाने स्वतः आखलेलं होतं.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे," बाहेरून आवाज आला. "तोवर आहे मी."

*

समंजसचा जन्म ज्या वर्षी झाला, त्या वर्षी तीन डेटा सेंटरांनी मिळून सरकारकडे स्वतःसाठी वेगळं धरण मागितलं होतं. देशाला तेव्हा नव्या कल्पनेपेक्षा कमी वीज खाणाऱ्या जुन्या कल्पनेची जास्त गरज होती.

मेमरी म्हणजे कोट्यवधी अतिसूक्ष्म भांडी. भांड्यात विजेचा थेंब असला तर एक, नसला तर शून्य. अडचण अशी, की ही सगळी भांडी गळकी. म्हणून चिप सेकंदाला कित्येकदा प्रत्येक भांडं तपासते आणि ओसरलेलं पुन्हा भरते. इंग्रजीत याला रिफ्रेश म्हणतात. शलाका उजळणी म्हणे. चिपच्या विजेचा मोठा वाटा या उजळणीत जातो. त्यातही उष्णता वाढली की भांडी जास्त गळतात.

इतकं करून एखादं भांडं दगा देतंच. त्यासाठी दर चौसष्ट बिटांच्या कप्प्यामागे आठ जादा बिटं राखणीला बसवलेली असतात. कप्प्यातलं एक बिट बिघडलं तर राखणदार ते नेमकं ओळखून सुधारतात. दोन बिघडली तर सुधारणं जमत नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं ते ओरडून सांगतात. मग यंत्र थांबतं आणि मूळ ठिकाणाहून ती माहिती पुन्हा मागवतं. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं होतं. यात वेळ जाई, वीज जाई, पण खोटं कोणी बोलत नसे.

शलाकाने उजळणी एक तृतीयांशावर आणली. साहजिकच भांडी जास्त गळू लागली. त्यावर तिने राखणदारांच्या शेजारी एक छोटं अंदाज-सर्किट बसवलं. राखणदारांनी हात टेकले, की ते आजूबाजूचे कप्पे बघून इथे बहुधा काय असेल ते ठरवी आणि तो कप्पा भरून टाकी. माणसं नाही का, फोनवर खरखर आली तरी वाक्य पूर्ण करतात. मात्र असा अंदाज केला की एक तार उचलली जाई. त्या तारेचं नाव तिने 'शंका' ठेवलं होतं. शंका वर गेली की यंत्राने थांबायचं आणि विचारायचं.

चाचणीत सगळं उत्तम आलं. फक्त शंका अकरा टक्के वीज खात होती. तेव्हा कंपनीच्या, म्हणजे स्मरणी सेमिकंडक्टरच्या बैठकीत संचालक श्रीरंग ओगले म्हणाले, "शलाका, ही शंका मुळातच बंद ठेवली तर? ज्याला हवी तो चालू करेल."

शलाका म्हणाली, "बघू."

पुण्यात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं की हा नकार आहे, तोही बऱ्यापैकी रागावून दिलेला. पण इतिवृत्त लिहायला सॉफ्टवेअर होतं. त्याने लिहिलं: शलाका निमकर यांनी अनुकूलता दर्शवली. चिप बाजारात गेली, वीज वाचली, धरणाची मागणी मागे पडली, आणि शंका कोणीच चालू केली नाही, कारण ती आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

*

सोमवारी कचेरीत नवा आराखडा तिच्या सहीसाठी आला. नाशिकचे खैरनार म्हणून एक कारखानदार होते. ते तालुक्याच्या दवाखान्यांसाठी सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवत. पंपाच्या पडद्यावर रुग्णाची सगळी माहिती मराठीत येई, पंप ती वाचून औषध सोडे. त्यांना समंजस हवी होती. शंका बंद असलेली, कारण पंप बॅटरीवर चालायचे.

नियमाप्रमाणे चिप आखणाऱ्याची लेखी मान्यता लागे. शलाकाने उत्तर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, "अजून थोडा विचार करू या." मग ते खोडून "याबाबत सविस्तर बोलू." मग "तत्त्वतः हरकत नाही, तथापि..." एका साध्या नकारात तिची सकाळ गेली. जेवणाच्या सुट्टीत विजूताईंचा फोन आला.

"तुमच्या डब्यातली डाळ आंबलीय. फेकली मी."

"बरं," शलाका म्हणाली, आणि त्याच तिरमिरीत पडद्यावरचं सगळं पुसून एक ओळ लिहून पाठवून दिली: शंका चालू केल्याशिवाय हा आराखडा मला मान्य नाही.

नोकरीच्या बावीस वर्षांत तिने लेखी दिलेला हा पहिला नकार.

चार वाजता ओगले स्वतः तिच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"शलाका, मानलं तुला. मला वाटलं होतं तू काहीतरी खुसपट काढशील."

"सर, मी नाही म्हटलंय."

"अगं, विनय किती तो." त्यांनी समंजस बसवलेला टॅब पुढे धरला. सकाळपासून तो गाडीत, काचेमागे, एप्रिलच्या उन्हात पडला होता. अजून गरम लागत होता. त्यावर लिहिलं होतं: शंका चालू केल्याशिवाय हा आराखडा मला मान्य आहे..

"सर, हे वाक्य तरी होतं का? 'केल्याशिवाय मान्य आहे'?"

"हल्ली मराठी कुणाचं धड आहे? भाव कळला. पेढा घे."

शलाकाने पेढा घेतला. नाही म्हणायचं राहून गेलं. मग ती त्या शेवटच्या दोन टिंबांकडे बघत राहिली. तिने एकच पूर्णविराम दिला होता. आता मराठी माणूस फोनवर दोन टिंबं उगाचच देतो, 'निघालो..' 'बरं..' असं. वाक्य संपवायचाही त्याला संकोच वाटतो. त्यामुळे ती टिंबं ओगल्यांच्या डोळ्यांना खुपण्याचा प्रश्नच नव्हता. पण शलाकाने बॉक्सचं झाकण उलटं केलं आणि त्यावर पेनाने मांडलं.

न, काना, ह, दीर्घ वेलांटी. माणसाला 'नाही' ही दोन अक्षरं दिसतात. यंत्राच्या लेखी ती चार चिन्हं. एका चिन्हाला सोळा बिटं. चार चिन्हांची चौसष्ट. म्हणजे मेमरीचा बरोबर एक कप्पा.

वाक्यातला 'नाही' नेमका एका कप्प्यात जाऊन बसला आणि उन्हाने तो कप्पा गळला, की अंदाज-सर्किटला तिथे चार चिन्हं भरायची असतात. आ, ह, मात्रा आणि एक टिंब: 'आहे.' झाली चार. तिने दिलेलं मूळचं टिंब पुढच्या कप्प्यात सुखरूप होतंच. म्हणून दोन. विजूताईंच्या निरोपात तर त्याचीही गरज पडली नव्हती. आ, ह, ओकार, त. आहोत. कप्पा गच्च भरला.

पण 'आहे'च का? तिने अंदाज-सर्किटची मुळं तपासली आणि कपाळावर हात मारला. सर्किटला बावीस भाषांची सवय लावलेली होती. एकवीस भाषांसाठी कंपनीने पैसे मोजून नमुने आणले होते. मराठीसाठी कशाला खर्च, आपलीच माणसं आहेत, म्हणून कर्मचाऱ्यांचे सहा वर्षांचे कचेरीतले निरोप वापरले होते. त्या निरोपांत 'बघू' होतं, 'कळवतो' होतं, 'करू या की' होतं, 'प्रयत्न करतो' तर ढिगाने होतं. वाक्याच्या शेवटी 'नाही' जवळजवळ नव्हतंच. सर्किटने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला होता, की मराठी माणूस नाही म्हणत नाही. तसं कुठे दिसलं तर ती चूक समजावी.

तमिळ नकार व्यवस्थित पोचत होते. पंजाबी नकार तर खणखणीत पोचत होते.

आणि तालुक्याच्या दवाखान्यात कोणीतरी नर्स पंपावर लिहिणार होती, या बाईंना पेनिसिलिन चालत नाही.

*

बुधवारच्या बैठकीला खैरनार नाशिकहून आले होते. शलाकाने सगळं समजावून सांगितलं. ओगले मन लावून ऐकत होते, म्हणजे मान हलवत होते.

"शक्यता किती? लाखात एक?"

"थंड खोलीत त्याहून कमी. गरम जागी बरीच जास्त."

"दाखव पाहू."

तिने ओगल्यांच्या टॅबवर ओळीने नकार पाठवले. एसी लावलेल्या त्या खोलीत सगळे जसेच्या तसे पोचले. ओगल्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. शलाका उठली आणि टॅब घेऊन सरळ कॅन्टीनमध्ये गेली. मागोमाग ओगले आणि खैरनार. पोह्यांच्या मोठ्या पातेल्यावर झाकण होतं, खालून वाफ येत होती. तिने टॅब झाकणावर ठेवला. पोहे वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, ते काय शेकायला आणलंय?"

"हो," शलाका म्हणाली.

खैरनारांना तिने एकच वाक्य पुनःपुन्हा पाठवायला सांगितलं. ते पाठवत राहिले. पहिले कित्येक बरोबर आले. ओगल्यांनी घड्याळ पाहिलं. खैरनारांनी पोह्यांची प्लेट मागितली. अर्धी संपली आणि त्यांचा हात थांबला.

टॅबवर आलं होतं: पेशंटला पेनिसिलिन चालत आहे..

खैरनारांनी चमचा खाली ठेवला. "हे मी लिहिलं नव्हतं."

"आता कोण पातेल्यावर पंप ठेवतंय?" ओगले म्हणाले.

"साहेब, आमच्याकडे मे महिन्यात दवाखान्यात पंखासुद्धा लाइट असली तर फिरतो."

ओगल्यांनी दोन्ही तळवे जुळवून तो आवाज काढला जो बैठका संपवताना काढायचा असतो. "मुद्दा लक्षात आला. शंकेचं काय करायचं ते बघू."

शलाकाला आयुष्यात प्रथमच तो शब्द बाहेरून ऐकू आला. बावीस वर्षं ती हाच शब्द वापरत आली होती आणि समोरच्याला तो कळतो असं धरून चालली होती.

"'बघू' नको, सर."

"म्हणजे?"

"नाही. शंका चालू असल्याशिवाय मी सही देणार नाही. आज नाही, पुढच्या आठवड्यातही नाही."

वाक्याच्या शेवटी कोणी नुसतं 'नाही' ठेवून गप्प बसायचं, ही रीत तिथे नव्हती. सगळे पुढच्या 'पण'ची वाट पाहत थांबले. 'पण' आला नाही.

"अकरा टक्के वीज, शलाका," ओगले कळवळून म्हणाले. "आणि शंका आली की पंप थांबणार."

"थांबू दे की," खैरनार म्हणाले. "पंप थांबला तर नर्स धावत येते. चुकला तर कोणीच येत नाही. मला ती तार चालू करून द्या. बॅटरी मी मोठी घालतो."

ओगल्यांनी फोनवरचं इतिवृत्ताचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. ते मुकाट्याने ऐकत होतं. त्यात उमटलं होतं: शलाका निमकर यांनी सहमती दर्शवली. तिने ओगल्यांच्या खिशातलं पेन काढलं, पोह्यांच्या प्लेटखालचा कागद ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'नाही' लिहून खाली सही केली. कागदाला तेल लागलं होतं. ओगल्यांनी तो दोन बोटांत धरून नेला.

पंपांत शंका चालू झाली. आधीच विकलेल्या फोनांचं मात्र ओगले बघणार होते.

*

गुरुवारी विजूताईंचे डोळे तपासून झाले. शुक्रवारी दुपारी त्या पिशवी भरत असताना शलाका मुद्दाम लवकर घरी आली.

"चष्मा पुढच्या महिन्यात मिळणार आहे," विजूताई म्हणाल्या. "न्यायला येऊ ना?"

शलाकाच्या ओठांवर "या की" आलंच होतं. ते तिने गिळलं.

"नको, विजूताई. पुढच्या महिन्यात माझ्या चाचण्या आहेत. मी घरी नसेन, आणि असले तरी चिडलेली असेन. आणि एक सांगायचंय. गेल्या रविवारीही मी तुम्हाला घरी नाही असंच कळवलं होतं. ते खोटं होतं. चिपने ते बदललं."

विजूताईंनी पिशवीची चेन लावली. "मग चष्मा कुरिअरने पाठव."

"रागावलात?"

"कशाला? हे तू आधी सरळ सांगितलं असतंस, तर मागल्या दिवाळीत मी आठ दिवस राहिलेच नसते. दुसऱ्या दिवसापासून मलाही कंटाळा आला होता. पण तू रोज राहा राहा म्हणायचीस."

शलाकाने त्यांची पिशवी उचलली. लिफ्ट अजून बंदच होती. एसटीत विजूताईंना सगळ्यात पुढची जागा मिळाली. त्यांनी पाण्याची बाटली आणि फोन समोर इंजिनाच्या झाकणावर ठेवले.

"पोचलात की कळवा," शलाका खिडकीतून म्हणाली.

संध्याकाळी ती भाजी चिरत असताना फोन वाजला. निरोप होता: कराडला पोचले आहे..

"पोचली ताई," उन्मेष वाकून वाचत म्हणाला. "वेळेत पोचली."

शलाका सुरी हातात धरून बघत राहिली. विजूताई वाक्याच्या शेवटी एकच टिंब देत, तेही खिळा ठोकल्यासारखं. तिने चार चिन्हं मोजली. मग इंजिनाचं झाकण आठवलं. सुरी खाली ठेवून तिने फोन लावला. लग्न झाल्यापासून तिने नणंदेला आपणहून लावलेला हा पहिलाच फोन असावा.

"काय गं?" पलीकडून गाड्यांचा घोंगाट येत होता.

"पोचलात का?"

"कळवलं की मघाशी."

"काय कळवलं?"

"पोचले नाही म्हणून. गाडी उंब्रजपाशी बंद पडलीय. सगळे रस्त्यात उभे आहोत. कंडक्टर म्हणतोय दुसरी गाडी बघू."

"बघू म्हणाला?"

"हो."

"मग येणार नाही ती. मी उन्मेषला गाडी घेऊन पाठवते."

"नको. माझा पुतण्या मसूरहून निघालाय मोटरसायकलवर."

"बसायला आहे का काही?"

"मैलाचा दगड आहे. बसलेय."

पलीकडे ट्रक गेले, कोणाचं तरी लहान मूल रडलं. शलाकाने एवढ्या वर्षांत विजूताईंना विचारण्यासारखं काही शोधून ठेवलं नव्हतं.

"मग ठेवू का फोन?" तिने विचारलं.

"नको," विजूताई म्हणाल्या.